एक घर, दोन रांगा

नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावर आखाती देशातून आलेलं विमान उतरतं आणि इमिग्रेशनच्या दालनात काही कुटुंबांची फाटाफूट होते. नवरा भारतीयांच्या रांगेत उभा राहतो. बायको आणि पोरं परदेशी पासपोर्टवाल्यांच्या रांगेत. दोघांच्याही हातातली पुस्तिका गडद निळीच असते, फक्त एकीवर अशोकस्तंभाचे सिंह आणि दुसरीवर अमेरिकेचा गरुड. बायकोपोरांच्या पासपोर्टला आणखी एक छोटी पुस्तिका जोडलेली असते. तिला सगळे ‘ओसीआय कार्ड’ म्हणतात. बाहेर यवतमाळहून आलेली गाडी थांबलेली असते. देवळी, कळंबमार्गे सुमारे दीडशे किलोमीटर परत जायचं असतं. घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या माणसांचा प्रश्न ठरलेला असतो: एकाच घरचे ना तुम्ही, मंग रांगा दोन काहून?

प्रश्न साधा आहे आणि त्याचं उत्तर बहुतेकांना अर्धवटच ठाऊक असतं. जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा पुसदचं बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय अशा ठिकाणी शिकून पुण्या-हैदराबादमार्गे परदेशी गेलेली मुलं आता जिल्ह्यातल्या कितीतरी नात्यागोत्यांत सापडतात. त्यांच्याविषयी बोलताना शेजारीपाजारी सहज म्हणतात, ‘तिच्याकडं दोन्ही देशांचं नागरिकत्व आहे.’ तसं ते नसतं. राज्यघटनेचा अनुच्छेद ९ आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ स्पष्ट आहे: ज्यानं स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, त्याचं भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं. त्यासाठी कुठं अर्ज करावा लागत नाही की कुणी अधिकाऱ्यानं सही करावी लागत नाही. अमेरिकेतल्या एखाद्या सभागृहात हात वर करून शपथ घेतली की यवतमाळात जन्मलेली ती बाई भारताच्या दृष्टीनं परदेशी झाली. तिच्या पर्समधला भारतीय पासपोर्ट आणखी सहा वर्षं चालणार असं त्यावर छापलेलं असलं, तरी तो आता तिचा राहिलेला नसतो.

मग ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, हे नेमकं काय? अनिवासी भारतीयांची दुहेरी नागरिकत्वाची मागणी जुनी. ल. म. सिंघवी यांच्या अध्यक्षतेखालच्या उच्चस्तरीय समितीनं २००२ मध्ये त्या दिशेनं शिफारस केली. कायद्यात दुरुस्त्या झाल्या आणि २००६ च्या जानेवारीत हैदराबादच्या प्रवासी भारतीय दिवसात पहिली कार्डं दिली गेली. त्याआधी १९९९ पासून पीआयओ (पर्सन ऑफ इंडियन ओरिजिन) कार्ड होतं, ते २०१५ मध्ये ओसीआयमध्येच मिसळलं. नावात ‘सिटिझन’ असलं तरी प्रत्यक्षात ती आयुष्यभराची, कितीही वेळा ये-जा करता येणारी व्हिसाची सोय आहे. भारतात कितीही दिवस राहा, पोलिसांत नोंदणी नको. पण मतदान नाही, निवडणूक लढवणं नाही, घटनात्मक पद नाही आणि शेतजमीन विकत घेणं नाही. हे कार्ड चांगलं आहे, हजारो घरांना त्यानं जवळ ठेवलं आहे. मात्र सरकारनं ते लोकांना ज्या नावानं दिलं, त्या नावामुळेच गैरसमज वाढले, असं ही प्रक्रिया जवळून पाहिल्यावर वाटल्याशिवाय राहत नाही.

कार्ड मिळवायच्या कामाची सुरुवात यवतमाळच्या कपाटांत होते. परदेशी बसलेली लेक ऑनलाइन अर्ज भरते आणि इकडे आईबाबांना फोन येतो: माझा जन्मदाखला शोधा, शाळा सोडल्याचा दाखला शोधा, लग्नाचं प्रमाणपत्र स्कॅन करून पाठवा. आई गोदरेजचं कपाट उघडते. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पितळी पिनेनं टोचलेले, घडीवर विरलेले कागद निघतात. त्यातला जन्मदाखला बहुतेक वेळा नगर परिषदेचा, हातानं लिहिलेला, फक्त मराठीत. कधी नावाच्या जागी नुसतं ‘मुलगी’ एवढंच असतं, कारण बारसं होण्याआधीच नोंद झाली आणि पुढं नाव चढवायला कुणी गेलंच नाही. लग्न मंगल कार्यालयात थाटात झालेलं असतं. नोंदणी मात्र पासपोर्टची गरज पडली तेव्हा, तीही धावपळीत केलेली.

जन्मस्थळाच्या रकान्यात आणखी एक अडचण दडलेली असते. इंग्रज अमदानीपासून जिल्ह्याचं नाव रोमन लिपीत ‘येओटमाल’ असं लिहिलं जाई, आणि ते वळण सरकारी व शाळेच्या कागदांत पुढंही बराच काळ टिकलं. आज सगळीकडे ‘यवतमाळ’ला धरून स्पेलिंग होतं. जुन्या कागदावर एक, नव्यावर दुसरं. ज्या माणसाला हे गाव ठाऊक आहे त्याला फरक काहीच नाही. न्यूयॉर्क किंवा शिकागोच्या वकिलातीसाठी कागद तपासणाऱ्याला ती दोन वेगळी गावं वाटू शकतात.

आडनावांची तऱ्हा याहून अवघड. पश्चिम महाराष्ट्रातले जाधव रोमन लिपीत शेवटी ‘व्ही’ लिहितात, वऱ्हाडातले अनेक जाधव ‘ए-ओ’ लिहितात. पवार डब्ल्यूनं की व्हीनं? ठाकरे किती परींनी? पुसद-दिग्रसकडच्या बंजारा घरांतलं राठोड कुणी ‘डी’नं संपवतं, कुणी ‘आर-ई’नं. त्यात आपली तीन पदरी नावं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. लग्नानंतर दुसरं आणि तिसरं दोन्ही बदलतात. पासपोर्टमध्ये रकाने दोनच असतात, एक आडनावाचा आणि दुसरा उरलेल्या सगळ्याचा. त्यामुळे लेकीच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर बापाचं नाव, भारतीय पासपोर्टवर नवऱ्याचं, आणि अमेरिकेत नागरिकत्व घेताना तिनं मधलं नाव गाळून टाकलेलं. तिन्ही कागद खरे, तिन्ही सरकारी. आणि तिन्हींवरची बाई एकच आहे हे सिद्ध करायची जबाबदारी मात्र तिचीच. पुरुषांना हा त्रास क्वचित होतो. बाईचं नाव बदलायची रीत आपण पाळली, आणि त्याची किंमत ती रांगेत उभी राहून मोजते.

एकच नाव असलेल्यांची गोष्ट तर आणखी वेगळी. संयुक्त अरब अमिरातीनं नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं की पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असलेल्या प्रवाशाला पर्यटक व्हिसावर प्रवेश नाही. नंतर पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर चालेल असा खुलासा झाला. ज्यांच्याकडे आडनावाचा रकाना वर्षानुवर्षं कोराच राहिला होता, त्यांची त्या काही दिवसांत पुरती तारांबळ उडाली.

जन्माच्या नोंदीला आता फार वजन आलं आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर, त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या पासपोर्टसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा एकमेव पुरावा ठरला आहे. आणि नेमक्या याच काळात यवतमाळ जिल्ह्याचं नाव देशभर गाजलं ते एका गंभीर कारणानं. आर्णी तालुक्यातल्या शेंदुरसनी या सुमारे दीड हजार वस्तीच्या गावाच्या खात्यावर २०२५ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये तब्बल २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचं उघडकीला आलं. पोलिसांत गुन्हा दाखल झाला, तपास सुरू झाला. गावातल्या लोकांचा त्यात काय दोष? पण एका छोट्या ग्रामपंचायतीच्या संगणकीय खात्याचा असा वापर होतो, तेव्हा त्या परिसरातल्या खऱ्याखुऱ्या दाखल्याकडेही पुढचा अधिकारी दोनदा पाहणार. खोट्या नोंदीचा फटका शेवटी प्रामाणिक माणसाला बसतो, म्हणून अशा प्रकरणाचा तपास तडीस जाणं हे प्रत्येक यवतमाळकराच्या हिताचं आहे.

कागद जुळले की जुन्या भारतीय पासपोर्टचा निरोप घ्यावा लागतो. तो वकिलातीमार्फत परत करायचा. त्यावर रद्द झाल्याचा शिक्का बसतो आणि हातात ‘सरेंडर सर्टिफिकेट’ येतं. त्याशिवाय ओसीआयचा अर्ज पुढं सरकत नाही. पुष्कळांना ही पायरी मनाला लागते. काही जण ती टाळतातही, आणि ‘अजून मुदत आहे ना’ म्हणत जुन्याच पासपोर्टवर भारतात येऊन जातात. हा खेळ महागात पडू शकतो. परकं नागरिकत्व लपवून भारतीय पासपोर्टसाठी अर्ज करणाऱ्याला पासपोर्ट कायद्यात एक ते पाच वर्षं कैदेची तरतूद आहे. उलट बाजूनं अमेरिकेचा कायदाही सांगतो की तिच्या नागरिकानं देशात येता-जाता तिचाच पासपोर्ट वापरावा. गोव्यात हा पेच वेगळ्या रूपानं दिसतो: १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तिथं जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालमध्ये नोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट मिळवता येतो, आणि तो घेतला की भारतीय पासपोर्ट जातो.

प्रवासाच्या दिवशी काउंटरवरची मुलगी तिकिटावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून पाहते. तिकीट कुणी नातेवाइकानं हौसेनं काढलं असेल आणि त्यात मधलं नाव घातलं असेल, तर तिथंच घासाघीस. ओसीआय कार्डावर ते काढतानाच्या परदेशी पासपोर्टचा नंबर असतो. पूर्वी तो जुना पासपोर्टही सोबत बाळगावा लागे, २०२१ मध्ये ही सक्ती काढली गेली. त्याच वर्षी वारंवार नवं कार्ड काढायची अटही सैल झाली. विसाव्या वर्षाआधी कार्ड मिळालेल्यानं वीस पूर्ण झाल्यावर नवा पासपोर्ट काढला की एकदाच कार्ड बदलून घ्यायचं. बाकी वेळा नव्या पासपोर्टची प्रत आणि फोटो ऑनलाइन चढवला की भागतं. ही खरी सुधारणा होती. त्याआधी मुलांचे पासपोर्ट दर पाच वर्षांनी बदलायचे आणि सुट्टी ऐन तोंडावर आली की कार्डासाठी जीव टांगणीला लागायचा.

जावयाचं गणित निराळं. तो ग्रीन कार्डावर राहतो पण भारतीय पासपोर्ट सोडत नाही. वाटेत युरोपात दोन दिवस थांबायचं ठरलं तर बायको-पोरं सरळ बाहेर पडतात आणि त्याला आधी शेंगेन व्हिसा काढावा लागतो. परतताना त्याच्या ग्रीन कार्डाची मुदत पाहिली जाते. एवढं सोसून तो थांबलेला असतो, त्याचं कारण बरेचदा घाटंजी किंवा केळापूरकडच्या काळ्या मातीत असतं. परदेशात राहत असेतोवर शेतजमीन त्यालाही विकत घेता येत नाही, पण पुढं गावी परतून स्थायिक झाल्यावर शेजारच्या बांधाला लागून चार एकर कधी विकायला निघाली तर ती घ्यायचा हक्क त्याला गमवायचा नसतो. शिवाय भारतीय पासपोर्ट असेतोवर तो परदेशस्थ मतदार म्हणून नाव नोंदवू शकतो, आणि मतदानाच्या दिवशी मूळ पासपोर्ट घेऊन गावच्या केंद्रावर हजर राहू शकतो.

लेकीला शेत विकत घेता येत नाही, पण वारसा हक्कानं मिळतं. हे अनेक भावांना माहीत नसतं, काहींना माहीत करून घ्यायचं नसतं. बाप गेल्यावर ‘ती तर आता तिकडची झाली’ म्हणत तिचं नाव वारसफेरफारात घालायचं टाळलं जातं. कायदा तसं म्हणत नाही. परदेशी नागरिक झालेल्या मुलीचाही वडिलांच्या मालमत्तेत वाटा असतो. ती सातबाऱ्यावर येऊ शकते, आणि विकायची झाली तर शेतजमीन भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकू शकते. प्रत्यक्ष येणं जमणार नसेल तर ती मुखत्यारपत्र करते. अमेरिकेत नोटरी, मग त्या राज्याच्या कार्यालयाकडून अपॉस्टिल (परदेशात चालणारं साक्षांकन), मग कागद कुरिअरनं यवतमाळात. महाराष्ट्रात तो हाती पडल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, हे विसरून कितीतरी कागद घरात पडून राहतात.

आणि ती स्वतः आली, तलाठ्याकडे अर्ज घेऊन बसली, की पुन्हा नावापाशी गाडी अडते. मृत्यूदाखल्यासोबतच्या वारसांच्या यादीत माहेरचं नाव, ओसीआय कार्डावर सासरचं, मधलं नाव गायब. तेव्हा तहसील कचेरीबाहेरच्या टायपिंगवाल्याकडे एक प्रतिज्ञापत्र तयार होतं: अमुक नावाची, तमुक नावाची आणि अलमुक नावाची व्यक्ती एकच असून ती मीच आहे. त्याला जोड म्हणून शाळेचा दाखला, लग्नाचं प्रमाणपत्र, रद्द केलेल्या भारतीय पासपोर्टची झेरॉक्स. ज्यांनी ती जुनी पुस्तिका शिक्का मारून परत आल्यावर टाकून न देता जपून ठेवलेली असते, त्यांचं काम इथं सोपं होतं. कारण माहेर, सासर आणि यवतमाळ तिन्ही एकत्र असलेलं पान बहुतेक वेळा तिच्यातच सापडतं.