नागपूर–रायपूर : आकाशातील अंतर आणि घड्याळातील वेळ

भिलाईच्या वैशाली नगरातील एखाद्या मराठी कुटुंबास आजारी आप्ताच्या भेटीसाठी तातडीने नागपूरला जावयाचे झाले, तर विमानाने लवकर पोहोचू असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. हा समज तपासण्यासाठी रायपूरचा माना येथील व नागपूरचा सोनेगाव येथील असे दोन विमानतळ घेऊ. वेळापत्रके बदलतात, तेव्हा थेट विमान आहे, असे हिशेबापुरते गृहीत धरू.

हे दोन्ही तळ जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर आहेत. रेखांशांत मात्र सुमारे २.७ अंशांचा फरक आहे. त्यावरून सरळ अंतर सुमारे २८० किलोमीटर येते. गोलावरील सर्वांत जवळचा मार्ग अक्षवृत्ताने जात नाही. पृथ्वीच्या केंद्रातून जाणारी पातळी पृष्ठभागाला जेथे छेदते, त्या बृहद्‌वृत्ताने तो जातो. परंतु इतक्या थोड्या अंतरात तो मध्यावर अवघा अर्धा-पाऊण किलोमीटर उत्तरेस झुकतो आणि वाचतात ते तीन-चार मीटर! अमेरिकेला जाणाऱ्या विमानाची गोष्ट वेगळी.

ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या पंख्याच्या विमानास हे अंतर कापण्यास ३४ मिनिटे लागावीत. वेळापत्रकात मात्र याहून बरीच अधिक वेळ दिसेल. कारण तेथील मोजणी विमान जागेवरून हलल्यापासून ते पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. शिवाय विमान वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उडते व उतरते. नागपूरची धावपट्टी वायव्य-आग्नेय असल्याने पश्चिमेकडून किंवा पूर्वेकडून आलेल्या विमानास वळसा घेतल्यावाचून तिच्या रेषेत येता येत नाही. चढण्या-उतरण्याचा हा खर्च लांबच्या व जवळच्या प्रवासास जवळजवळ सारखाच असतो.

वाराही हिशेबात धरला पाहिजे. हिवाळ्यात मध्य भारतावर उंचावरील वारे बहुधा पश्चिमेकडून वाहतात. वाऱ्याचा वेग ताशी ५० किलोमीटर धरल्यास नागपूरहून रायपूरला ३०.५ मिनिटे, तर उलट दिशेने ३७.३ मिनिटे लागतील. जाताना मिळाले ते येताना फिटले, असे वाटेल. पण तसे होत नाही. वारा नसता तर दोन्ही फेऱ्यांस मिळून ६७.२ मिनिटे लागली असती, आता ६७.८ लागली. प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक काळ राहते, म्हणून तोटाच अधिक होतो.

आता वैशाली नगराकडे वळू. येथून माना पूर्वेस चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांवर आहे आणि नागपूर पश्चिमेस! मोटारीचा तास, तपासणीसाठी राखावयाचा दीड तास, आणि मग उड्डाण. पाच-सहा मिनिटांतच ते विमान भिलाईजवळच्या आकाशात येणार, म्हणजे प्रवासी जेथून निघाला तेथेच. उतरल्यावर सामान व शहरातील वाहन यांचा वेळ मिळवला, की चार तास होतात.

दुर्ग स्थानक मात्र घराजवळ आहे, व तेथून नागपूर लोहमार्गाने सुमारे २६५ किलोमीटर. डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेली बिलासपूर–नागपूर वंदे भारत गाडी ४१२ किलोमीटर साडेपाच तासांत तोडते, असे तिचे वेळापत्रक होते; त्या सरासरीने दुर्गहून साडेतीन तास होतात. आप्त मुंबईस असता, तर लोहमार्गाच्या अकराशे किलोमीटरांस त्याच वेगाने पंधरा तास लागले असते, आणि मानाहून जेट विमानाने आकाशातील साडेनऊशे किलोमीटर जेमतेम सव्वा तासात संपले असते.