‘ट्रॅव्हलर’चे नियम सोपे करताना काय गाळावं, काय ठेवावं?

कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती खेळायच्या अंतराळकथांच्या खेळांत ‘ट्रॅव्हलर’ हे जुनं नाव. अमेरिकेत १९७७ साली तो तीन छोट्या काळ्या पुस्तिकांच्या रूपात आला. एक जण रेफरी होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे आपापलं पात्र चालवतात. अडचण एकच. नियम इतके, की पहिली संध्याकाळ ते समजून घेण्यातच जाते आणि नवखा खेळाडू पुन्हा फिरकत नाही. म्हणून नियमांना कात्री लावावी लागते.

फासे : ल्युडोचे दोन फासे पुरतात. पूर्वी प्रत्येक कौशल्यासाठी वेगळा आकडा असे. २००८ च्या माँगूज पब्लिशिंगच्या आवृत्तीने तो सरसकट ८ केला. बेरीज ८ किंवा जास्त आली की काम फत्ते. ही शक्यता ३६ पैकी १५, म्हणजे सुमारे ४२ टक्के. कौशल्याचा एक गुण मिळाला की ५८ टक्के, दोन मिळाले की ७२. एकेक गुण इतका जड असल्याने अंधार, घाई, वारा असं सुटं मोजत बसू नये. सोप्या कामाला अधिक दोन, अवघडाला उणे दोन, बस्स.

पात्राची पूर्वकथा : जुन्या नियमांत खेळ सुरू होण्याआधीच, नोकरीची वर्षं मोजताना पात्र मरू शकत असे. २००८ मध्ये मरणाऐवजी अपघात आणि नोकरी सुटणं आलं. नवख्यांसाठी हेच बरं.

जहाजांची लढाई : मूळ नियमांत पट्टीने वेग आणि दिशा मोजत जहाजं सरकवावी लागत. ‘जवळ, मध्यम, दूर’ एवढ्यावर भागतं.

एका नियमाला मात्र हात लावू नये. ताऱ्याकडून ताऱ्याकडे एका उडीला साधारण आठवडा लागतो आणि बातमीही जहाजानेच जाते. त्यामुळे गुन्हा करून पळालेला वॉरंटच्या आधी पोचू शकतो, व्यापाऱ्याला पुढच्या बंदरातला भाव आधी कळत नाही. इथे झटपट फोन आणला की सगळी मजाच गेली.

कसोटी सोपी आहे : हा नियम काढला तर खेळाडूंचे निर्णय बदलतील का? नाही, तर खुशाल गाळा. हो, तर राहू द्या. आणि केलेले बदल खेळाआधीच कागदावर लिहून सगळ्यांना दाखवा. डाव रंगात आल्यावर नियम बदलला, की भांडण ठरलेलंच.