मागच्या रांगेलाही ऐकू यावे म्हणून

सभासद बंधूंनो, सुरू लागणीच्या तोंडावर एका गटाच्या बैठकीत बेणेप्रक्रियेचे ध्वनिमुद्रण मोबाईलवरून एका ब्लूटूथ स्पीकरवर लावले होते. मागे बसलेल्या एका सभासदांना अर्धेच ऐकू आले. घरी जाऊन त्यांनी बुरशीनाशक नि ॲसिटोबॅक्टर एकाच पिंपात कालवले. बुरशीनाशक आधी, जिवाणू नंतर आणि वेगळ्या पाण्यात, हे वाक्य मागे पोचलेच नव्हते. चूक आमची.

पुढच्या वेळी दुसरा स्पीकर नेला. सॅमसंगच्या गॅलेक्सी फोनमध्ये २०१७ सालच्या एस-८ पासून एकाच वेळी दोन स्पीकरांना आवाज देण्याची सोय आहे. दोन्ही जोडले, पण ते दोन कंपन्यांचे! एकाचा आवाज जरा मागून येई, विहिरीत हाक मारल्यासारखा. प्रत्येक स्पीकर आवाज बाहेर काढायला आपापला वेळ घेतो, त्याला फोन तरी काय करणार?

म्हणून एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आणि आपसांत जोडता येणारे दोन स्पीकर घ्यावेत. मग फोन एकालाच जोडायचा, तो दुसऱ्याला आवाज देतो. पैसे देण्याआधी दुकानातच दोन्ही लावून, थोडे लांब उभे राहून ऐकावे.

आडसालीच्या बैठकीत दुसरा स्पीकर मागच्या खांबाला टांगणार आहोत. तरीही ऐकू आले नाही तर भर बैठकीत हात वर करा, संकोच नको.

– ऊस विकास अधिकारी