शिनोलीचा खेकडा आणि समुद्राची चिंबोरी

खेकडे धरायचे म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे अलिबाग-मालवणच्या खाड्या उभ्या राहतील. पण आंबेगाव तालुक्यातल्या शिनोलीला मृगाचा पहिला सडका पाऊस झाला, की रात्री ओढ्याकाठी जा. बॅटऱ्या लुकलुकताना दिसतील. पूर्वी टेंभे असत, एवढाच फरक. समुद्र सह्याद्रीपलीकडे राहिला आणि इथले घोडनदीचे पाणी तर भीमा-कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागराला जाते. तरी हौस तीच!

मुलांची रीत सोपी. गांडुळे दोऱ्यात ओवायची, दोरा काठीला बांधायचा आणि बिळापाशी सोडायचा. खेकडा नांगी घट्ट आवळतो. मग काठी हळूहळू उचलायची. हिसडा दिलात की तो सोडून देणार. हाताने धरायचा तर मागच्या बाजूने, पाठ दाबून. बिळात मात्र हात घालू नका. आत खेकडाच असेल असे नाही, साप असतो.

आता महत्त्वाचे सांगतो. खाडीतली चिंबोरी अंडी सोडायला समुद्राकडे जाते. अंडी लाखांनी असतात, त्यांतून निघालेली सूक्ष्म पिले पाण्याबरोबर वाहत जातात आणि त्यांतली थोडीच जगतात. आपल्या ओढ्यातल्या खेकडीचा संसार निराळा. तिची अंडी फार तर काहीशे. ती पोटाखालच्या झडपेत राहतात, तिथेच फुटतात आणि बाहेर येतात ते पुरते घडलेले इवलेसे खेकडेच. काही दिवस आई त्यांना तशीच वागवते. पिले दूर वाहून जात नाहीत, त्यामुळे एका ओढ्यातला खेकडा संपला तर दुसरीकडून भर पडायला फार वेळ लागतो. म्हणूनच सह्याद्रीत खोऱ्याखोऱ्याला वेगळ्या जाती निपजल्या. २०१६ सालीसुद्धा पश्चिम घाटातल्या पाच नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध झाले.

आणि आपण त्यांना धरतो केव्हा? नेमके पहिल्या पावसात, पिले पोटाशी असताना! ओळख अवघड नाही. खेकडा उलटा करा. झडप निमुळती असली तर नर, रुंद नि गोल असली तर मादी.

खेकड्यांवर आळही येतात. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, माणसे वाहून गेली, तेव्हा एका मंत्र्यांनी दोष खेकड्यांना दिला होता. शेताच्या बांधाला खेकडा भोक पाडतो, हे कोणीही शेतकरी सांगेल. पण धरणाची गळती वेळीच बुजवणे हे खेकड्याचे काम नव्हे.

खाण्याबद्दल एकच. पोरे ओढ्याकाठी निखाऱ्यावर अर्धेकच्चे भाजून खातात, ते बरे नाही. गोड्या पाण्यातल्या खेकड्यात फुप्फुसाचा एक कृमी असू शकतो. ईशान्येकडच्या राज्यांत त्याचे रोगी आढळले आहेत. खोकल्यातून रक्त पडते आणि क्षयाचा संशय येतो. नांग्या पाट्यावर वाटून, गाळून केलेला रस्सा चांगला खळखळ उकळा, म्हणजे झाले.

मागे शिनोलीच्या एका म्हाताऱ्या बाबांबरोबर मी गेलो होतो. प्रत्येक खेकडा ते बॅटरीखाली उलटा करून बघत. माझ्या पिशवीतल्या तीन माद्या त्यांनी न विचारता ओढ्यात सोडल्या. मला राग आला, खोटे कशाला बोलू? उरले सात. रस्सा चौघांना पुरला.