पित्ताच्या कॅप्सूलमधलं दुसरं औषध

काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातलं, सातपुड्यातलं हे गाव त्या रात्री ढोलाच्या तालावर जागं असतं. महाराष्ट्रातून, गुजरातेतून, मध्य प्रदेशातून माणसं आलेली असतात. मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरू, रात्रभर नाच, अवेळी खाणं आणि काही जणांच्या बाबतीत मोहाची दारूही. अशा जागरणानंतर कुणाला आंबट ढेकर येतात, कुणाला मळमळतं, कुणी ओकतं. मग औषधाच्या दुकानात मागणी ठरलेली: पित्ताची द्या, उलटीचीही द्या. दोन्ही कामं करणारी एकच कॅप्सूल तयारच असते.

तिचं पाकीट उलटं करून वाचा. चंदेरी बाजूला बारीक अक्षरात दोन नावं सापडतील: पँटोप्राझोल 40 मिलिग्रॅम आणि डोम्पेरिडोन 30 मिलिग्रॅम. कुठे पहिल्याच्या जागी राबेप्राझोल किंवा ओमेप्राझोल असतं. ब्रँडच्या नावाला ‘डी’ किंवा ‘डीएसआर’ अशी शेपटी असेल, तर तो ‘डी’ बहुतेक वेळा डोम्पेरिडोनचा. लोक कॅप्सूल घेतात पहिल्या औषधासाठी आणि दुसरं नकळत पोटात जातं. बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

‘साधी पित्ताची गोळी आहे, रोज घेतली तरी काय बिघडतं?’ पँटोप्राझोल जठरातल्या आम्ल तयार करणाऱ्या पेशींचे पंप बंद करतं. अल्सर असेल किंवा अन्ननलिकेला आम्लाने जखम झाली असेल, तर डॉक्टर ते काही आठवडे, कधी त्याहून जास्त देतात आणि ते योग्यही असतं. डोम्पेरिडोनचं तसं नाही. ते जठर लवकर रिकामं करतं आणि मळमळ थांबवतं, पण हृदयाच्या ठोक्यांची लयही बिघडवू शकतं. म्हणून युरोपच्या औषध नियामकाने 2014 मध्ये त्याला वेसण घातली: फक्त मळमळ-उलटीसाठी, एका वेळी 10 मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा आणि सहसा आठवडाभरच. म्हणजे आपल्याकडच्या एका कॅप्सूलमध्ये त्या हिशेबाने दिवसाचा सगळा कोटा भरतो. ‘आज जास्तच जळजळतंय’ म्हणून संध्याकाळी दुसरी घेतली, की तो दुप्पट झाला. आणि नुसती जळजळ असेल, मळमळ नसेलच, तर हे दुसरं औषध घ्यायचं कशाला, हा प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही. चिठ्ठीशिवाय ही कॅप्सूल मिळायलाच नको, पण मिळते.

दुसरा समज फार पक्का आहे: ‘औषधं गरम पडतात, म्हणून सोबत पित्ताची गोळी हवीच.’ यात अर्धं सत्य आहे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन ही औषधं जठराच्या अस्तराला खरोखर इजा करतात. वय जास्त असेल किंवा पूर्वी अल्सर झाला असेल, तर सोबत पँटोप्राझोल देण्याला अर्थ आहे. पॅरासिटामॉलला किंवा प्रत्येक अँटिबायोटिकला अशी जोड लागत नाही. उलट क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन यांच्यासोबत डोम्पेरिडोन घेणं धोक्याचं. हृदयाची लय बिघडण्याची शक्यता वाढते. नायट्यावरच्या इट्राकोनाझोलची गोष्ट तर दोन्हीकडून फसण्याची. इट्राकोनाझोलमुळे रक्तात डोम्पेरिडोन साचतं आणि पँटोप्राझोलने आम्ल घटवल्यामुळे इट्राकोनाझोलची कॅप्सूल नीट शोषली जात नाही. नायटा जात नाही, वर छातीत धडधड. हृदयविकार असलेल्यांनी आणि दारूने यकृत खराब झालेल्यांनी डोम्पेरिडोनपासून लांब राहावं. ‘प्यायच्या आधी एक घेतली की त्रास होत नाही’ हा सल्ला म्हणूनच वाईट. दारूने जठराला होणारी इजा या कॅप्सूलने काही टळत नाही.

जळजळ सुरू झाल्यावर कॅप्सूल घेऊन लगेच आराम मिळेल, हीही चुकीची अपेक्षा. पंप अन्न आल्यावर कामाला लागतात, त्यामुळे औषध त्याआधी, सकाळच्या खाण्याच्या साधारण अर्धा तास अगोदर हवं. पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात. तातडीच्या आरामासाठी पातळ अँटासिड असतं. कॅप्सूल फोडून, आतले दाणे कुटून घेऊ नये. लहान मुलांना तर मोठ्यांची कॅप्सूल अर्धीमुर्धीही देऊ नये.

वर्षानुवर्षं घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. आम्ल हे काही निव्वळ शत्रू नाही. अन्नातलं लोह आणि बी-12 शोषायला ते लागतं. नंदुरबारच्या डोंगराळ भागात मुळातच अंगात रक्त कमी असलेल्या बायका खूप. आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या चालू आणि सोबत महिनोन्‌महिने आम्ल बंद करणारी कॅप्सूल, हे एकमेकांच्या विरुद्ध ओढणं झालं. मात्र बरेच महिने घेतलेली कॅप्सूल एकाएकी सोडली, तर आम्ल काही दिवस उसळून येतं आणि माणसाला वाटतं, आपल्याला हिच्यावाचून चालतच नाही. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी.

‘उलटी थांबली की काम झालं.’ नाही; अंगातलं गेलेलं पाणी आणि मीठ परत यायला हवं. या जिल्ह्यात हे जास्तच महत्त्वाचं, कारण इथल्या आदिवासी समाजात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. अशा माणसाच्या अंगातलं पाणी कमी झालं की लाल पेशी आकार बदलून रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. सिकलसेलचं कार्ड असलेल्याला उलट्या लागल्या, तर कॅप्सूलवर दिवस काढू नये, दवाखाना गाठावा. सगळ्यांसाठीच ओआरएस: एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात, घोट-घोट. दुकानातल्या खोक्यातलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. अन्नपदार्थांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली, ती याच फसगतीमुळे.

आता सगळ्यात घातक समज: उलटी आहे, म्हणजे पोटाचंच काहीतरी आहे. घाम फुटून छाती दाबल्यासारखी होते, हाताकडे कळ जाते, मळमळतं, तेव्हा ते ‘गॅस’ नसून हृदयविकाराचा झटका असू शकतो. फवारणी करून आलेल्याची उलटी विषबाधेची असू शकते. विंचू चावल्यावर उलटी आणि भरपूर घाम ही विष अंगात भिनल्याची खूण आहे, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिनचा उपयोग जगाला दाखवला. मण्यारीचं तर आणखी फसवं. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते, दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घरचे पित्ताची गोळी देतात आणि थोड्या वेळात पापण्या जड होऊन मिटायला लागतात, बोलणं अडखळतं. तिथे 108 ला फोन आणि सर्पदंशावरचं प्रतिविष मिळेल असं रुग्णालय, एवढंच खरं. गाडी पाड्यापर्यंत येत नसेल, तर झोळी करून रस्त्यापर्यंत न्यायचं. रुग्णाला चालवायचं नाही. रक्ताची उलटी झाली, शौच डांबरासारखं काळं झालं किंवा पाण्याचा घोटही टिकेना, तरी हेच. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, म्हणून त्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगावं आणि घेतलेल्या कॅप्सूलचं रिकामं पाकीटही सोबत न्यावं.