परसातील अनोळखी पाहुणे

मृगाच्या दोन-चार सरी पडून गेल्या की, आठवडाभरात परसाचे रूप पालटते. वैशाखात जेथे भेगाळलेली माती होती, तेथे हिरवी लव दिसू लागते. हौसेने लावलेल्या भेंडीची आणि दोडक्याची रोपे त्यात असतातच. पण त्यांच्या कितीतरी पट रोपे अशी असतात की, ती कोणी पेरलेली नसतात आणि त्यांची नावेही घरात कोणाला धड सांगता येत नाहीत. बोलावणे नसताना आलेले हे पाहुणे कोण, ते आले कोठून आणि त्यांना ठेवून घ्यावे की निरोप द्यावा, हे प्रश्न परसबाग करणाऱ्यापुढे दर पावसाळ्यात उभे राहतात.

आधी ते येतात कसे, ते पाहू. रुईचे बी रेशमासारख्या झुपक्याला लोंबकळत वाऱ्याबरोबर दूरवर जाते; मुले त्यालाच म्हातारी म्हणतात. आघाड्याची फळे टोकदार असतात आणि खाली तोंड करून देठाला चिकटलेली असतात. जवळून जाणाऱ्याच्या धोतराला, लुगड्याला किंवा गुरांच्या अंगाला ती बिलगतात व फुकटचा प्रवास करतात. तेरड्याची पक्व शेंग बोट लागताच फुटते आणि बी दूर उडवते. वड, पिंपळ, तुती, तोंडली यांची फळे पक्षी खातात व त्यांच्या विष्ठेतून बी पडते. पाखरांच्या नेहमीच्या बसण्याच्या जागेखाली, म्हणजे कुंपणाच्या कडेला, तारेखाली किंवा भिंतीच्या वळचणीला, एखादे अनोळखी रोप दिसले, तर ते पाखरांच्या आवडीच्या फळझाडाचे असण्याचा संभव मोठा असतो. शेणखताबरोबर चराऊ रानातले गवत येते. स्वयंपाकघरातील केरकचऱ्याच्या खड्ड्याभोवती टोमॅटो, कारले आणि लाल भोपळा उगवतो. उरलेली कित्येक रोपे मात्र कोठूनही आलेली नसतात. त्यांचे बी गेल्या किंवा त्याही आधीच्या वर्षापासून त्याच मातीत निजलेले असते. रोप कोठे उगवले, ही त्याच्या ओळखीची पहिली खूण होय.

परसात न पेरता उगवले ते सारे ‘तण’, असे म्हणून सरसकट खुरपे चालवणे सोपे आहे. परंतु तण हे वनस्पतीच्या कोणत्याही कुळाचे नाव नव्हे. नको त्या जागी आलेले रोप, एवढाच त्याचा अर्थ. गुलाबाच्या वाफ्यात आलेला माठ माळ्याच्या दृष्टीने तण असतो आणि स्वयंपाकघराच्या दृष्टीने सायंकाळची भाजी. याच्या उलट, दिसायला अगदी गरीब असे एखादे रोप विषारी निघते. म्हणून उपटण्यापूर्वी, आणि खाण्यापूर्वी तर नक्कीच, ओळख पटवून घ्यावी लागते.

अगदी कोवळ्या रोपाकडे पाहिले, तर मातीतून प्रथम एक पाते वर आले की दोन दले उघडली, हे दिसते. गवत, मका, ज्वारी यांचे बी एकदल. माठ, टाकळा, भोपळा यांचे द्विदल. ही पहिली दले मात्र पुढच्या पानांसारखी दिसत नाहीत. त्यांवरून घाईने नाव ठरवणाऱ्याची फसगत होते. खरी पाने चार-सहा आली म्हणजे मग त्यांची मांडणी पाहावी. आघाड्याची, तुळशीची पाने जोडीजोडीने समोरासमोर असतात. माठाची पाने एकाआड एक निघतात. काही झाडांत तीन किंवा अधिक पाने एकाच पेऱ्याभोवती वर्तुळात बसलेली असतात, कण्हेर हे त्याचे नेहमीचे उदाहरण.

येथे नवशिक्याचा एक मोठा घोटाळा होतो. कढीलिंबाच्या देठावर ओळीने बसलेली जी लहान पाने दिसतात, ती पाने नव्हेत. ती एकाच मोठ्या पानाची पाती, म्हणजे पर्णिका आहेत. चिंच, शेवगा, टाकळा यांचेही तसेच. पान कोणते आणि पर्णिका कोणती, हे ओळखण्यास एक युक्ती आहे. पानाचा देठ खोडाला जेथे चिकटतो, त्या बगलेत एक बारीक डोळा असतो. पुढे त्यातून फांदी किंवा फूल निघते. पर्णिकेच्या बगलेत असा डोळा कधीही नसतो. एवढी एकच गोष्ट ध्यानात ठेवली, तरी निम्मे चुकीचे निष्कर्ष टळतात.

डोळ्यांना न दिसणारे पुष्कळदा बोटांना कळते. तुळस, सब्जा, पुदिना, दीपमाळ ही एका कुळातली भावंडे. त्यांचे खोड बोटांत फिरवून पाहिले तर चौकोनी लागते. गवत समजून दुर्लक्ष केलेला लव्हाळा खरे तर गवत नव्हेच. गवताची काडी गोल किंवा चपटी असते, लव्हाळ्याची तिधारी. हा भेद जाणणाऱ्याला लव्हाळा वरवर उपटून का जात नाही, हेही समजते. त्याच्या गाठी जमिनीत खोल दडलेल्या असतात आणि त्या खणून काढाव्या लागतात.

आता स्वयंपाकघराशी संबंध असलेल्या दोन प्रकरणांकडे वळू.

घोळ ही पावसाळ्यात आपोआप उगवणारी भाजी. तिच्या तांबूस, गुळगुळीत फांद्या जमिनीवर चहूकडे पसरतात. पाने लहान, जाड व रसाळ असतात आणि ऊन आले की बारीक पिवळी फुले उमलतात. तिच्या शेजारीच, तशाच तांबूस फांद्यांची, तशीच जमिनीला चिकटून पसरणारी आणखी एक वनस्पती पुष्कळदा वाढते. ती दुधी वा नायटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातीपैकी असते. लांबून पाहणाऱ्यास दोन्ही सारख्याच वाटतात. फांदी मोडून पाहावी. घोळीतून पाण्यासारखा रस येतो. दुधीतून पांढरा चीक पाझरतो. हा चीक त्वचेला व डोळ्यांना त्रासदायक असतो. पानांची जाडीही निराळी असते, दुधीचे पान पातळ असते. भाजी खुडणाऱ्या अनुभवी बाईला हे सारे हाताच्या सवयीने कळते. शिकणाऱ्याने मात्र प्रत्येक वेली-फांदीची परीक्षा घ्यावी, कारण दोन्ही एकमेकींत गुंतून वाढतात आणि एक मुठभर घोळीत दुधीच्या दोन काड्या सहज येतात.

दुसरे प्रकरण याहून गंभीर आहे. कोकणात व घाटमाथ्यावर पहिल्या पावसानंतर टाकळ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी आवडीने खातात. टाकळ्याचाच एक जवळचा नातलग कासविंदा. काही ठिकाणी त्याला रानटाकळा असेही म्हणतात. दोघांनाही पिवळी फुले येतात, दोघांनाही शेंगा धरतात आणि पाला चुरगळला तर दोघांनाही उग्र वास येतो, म्हणून वासावर येथे मुळीच भिस्त ठेवता येत नाही. टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या असतात आणि प्रत्येक पर्णिका टोकाकडे रुंद व गोलसर असते. कासविंद्याच्या पर्णिका बहुधा चार-पाच जोड्या, लांबट आणि टोकाला निमुळत्या होत गेलेल्या. देठाकडे निरखून पाहिले तर एक दाण्याएवढी ग्रंथी दिसते. कासविंद्यात ती देठाच्या बुडाशी असते, टाकळ्यात खालच्या पर्णिकांच्या जोडीमध्ये. शेंगाही वेगळ्या. टाकळ्याची शेंग बारीक, लांब व वाकडी. कासविंद्याची चपटी आणि रुंद.

हा फरक जाणण्याचे मोल किती, ते उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागातील एका हकीकतीवरून कळेल. तेथील खेड्यांत हिवाळ्याच्या तोंडाशी लहान मुले एकाएकी आजारी पडत. ओकाऱ्या होत, शुद्ध हरपे आणि त्यांतील कित्येक थोड्याच दिवसांत दगावत. कित्येक वर्षे हा मेंदूचा एखादा साथीचा ताप असावा, असेच समजले जाई. डॉक्टरांनी चिकाटीने चौकशी केली, तेव्हा आजारी मुलांनी घराभोवती उगवलेल्या कासविंद्याच्या शेंगांतील बिया खेळता खेळता खाल्ल्या होत्या, असे आढळले. सन २००७ च्या सुमारास हा शोध प्रसिद्ध झाला. औषधाने जे साधले नसते ते यानंतर एका झाडाची ओळख लोकांना करून दिल्याने साधणार होते. कारण या विषावर खास असा उतारा नाही, आणि झाड मात्र प्रत्येकाच्या दाराशी होते.

धोतऱ्याचेही असेच आहे. तो वांग्याच्या कुळातला; त्याचे कोवळे रोप वांग्याच्या वाफ्यात उगवले तर पानांवरून गफलत होऊ शकते. फूल आल्यावर संशय राहत नाही. त्याचे फूल लांब नरसाळ्यासारखे आणि फळ काटेरी असते. त्याचे सर्वच भाग विषारी आहेत, बिया विशेष. म्हणून एक नियम कडक पाळावा: अनोळखी रोपाची चव कधीही घेऊन पाहू नये. पाहणी संपल्यावर हात स्वच्छ धुवावेत आणि तोपर्यंत डोळ्यांना लावू नयेत.

काही अनोळखी पाहुणे घरापुरते उपद्रवी नसतात. ते देशाला भारी पडतात. १९५६ साली पुण्यात आढळलेल्या एका परक्या वनस्पतीची नोंद आर. एस. राव या वनस्पतिशास्त्रज्ञांनी केली. ती अमेरिका खंडातली. पाने गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली म्हणून लोकांनी तिला गाजरगवत म्हटले. ती गवत नाही आणि गाजराच्या कुळातलीही नाही, तिचे नाते सूर्यफुलाशी आहे. आज भारतभर रस्त्याच्या कडेला, पडीक शेतात आणि घरांच्या मोकळ्या आवारात तिचे रान माजलेले दिसते. तिच्या संसर्गाने अनेकांच्या अंगावर पुरळ उठते आणि परागाने काहींना दम्यासारखा त्रास होतो. लहानपणी तिची पाने जमिनीलगत चक्राकार पसरलेली असतात आणि शेवंतीचे रोप समजून काही लोक तिला कुंडीत पाणीही घालतात! वाढल्यावर वर बारीक पांढऱ्या फुलांचे घोस येतात. एका झाडापासून हजारो बिया होतात, म्हणून फुलावर येण्याआधी, हातांना कापड किंवा मोजे बांधून, ती मुळासकट उपटावी. तिची पाने खाणारा मेक्सिकोतील एक लहान भुंगेरा १९८४ साली बंगळूर येथे मुद्दाम सोडण्यात आला. त्याने थोडीफार मदत केली आहे, पण खुरप्याचे काम संपलेले नाही.

नाव कळले म्हणजे काम झाले, असेही नाही. एकाच वनस्पतीला गावोगावी निराळी नावे असतात. पांढऱ्या कडांचे पिवळे फूल लांब दांड्यावर मिरवणारी एकदांडी कोठे दगडी पाला, तर कोठे कंबरमोडी होते. याच्या उलट ब्राह्मी म्हणून दोन अगदी भिन्न वनस्पती दाखवल्या जातात: एकीचे पान लांब देठावर वाटोळे, दुसरीची पाने बारीक, जाडसर आणि समोरासमोर. हा गोंधळ टाळण्यासाठी लिनियस या स्वीडनच्या पंडिताने १७५३ साली आपल्या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे एकेक लॅटिन नाव दिले. त्या रीतीने घोळीला जगभर पोर्चुलाका ओलेरेशिया म्हणतात. आपल्या मुलखातील वनस्पतींचा मोठा ग्रंथ थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. कुक हे मूळचे स्थापत्यविशारद आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य. झाडे ही त्यांची आवड होती.

हल्ली भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढले की यंत्र नाव सुचवते. त्याचा उपयोग जरूर करावा; पण छायाचित्रात चीक दिसत नाही, खोड चौकोनी आहे की तिधारी हे कळत नाही आणि ग्रंथी बहुधा पानाआड राहते. सुचवलेले नाव हा शोधाचा आरंभ समजावा. ते खुणांशी ताडून पाहावे, मग गावातील जाणत्या शेतकऱ्याला, वैद्याला किंवा शाळेतील शास्त्राच्या शिक्षकांना रोप दाखवावे. पुण्यात १९५५ पासून भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागाचे केंद्र आहे आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर वनस्पतिसंग्रहालय आहे. तेथे वाळवलेल्या वनस्पती कागदांवर चिकटवून पिढ्यान्पिढ्या जपून ठेवल्या आहेत, आणि नवे रोप त्यांच्याशी ताडून पाहता येते.

असा लहानसा संग्रह घरीही करता येतो. फूल किंवा फळ असलेली एक डहाळी घ्यावी, जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्यांत नीट पसरून ठेवावी आणि वर जड पुस्तके ठेवावीत. पहिले काही दिवस कागद रोज बदलावा, नाहीतर बुरशी येते. वाळल्यावर जाड कागदावर चिकटवून खाली चिठ्ठी लावावी: दिनांक, गाव, उन्हातली जागा की सावलीतली, रोपाची उंची, फुलाचा रंग, चीक, वास. यांतील रंग, चीक आणि वास डहाळी वाळताच नाहीसे होतात, म्हणून ते रोप ताजे असतानाच लिहून काढायचे असतात. ज्याचे नाव अजून लागले नाही, त्याच्या चिठ्ठीवर नावाची जागा कोरी ठेवतात, आणि परसातल्या एका कोपऱ्यात त्याचे एखादे रोप फूल येईपर्यंत राखून ठेवतात.