फुटपाथ किती रुंद हवा?

भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार (आयआरसी १०३) निवासी भागात चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच जागा पूर्ण मोकळी हवी. बाजारपेठेत रुंदी २.५ मीटर. 'मोकळी' हे सर्वांत महत्त्वाचे. विजेचा खांब, डीपी, झाड, दुकानाची पायरी हे सारे या मापाबाहेर धरायचे. १.८ मीटरमध्ये दोन व्हीलचेअर शेजारून जाऊ शकतात. कडेची उंची १५० मिलिमीटरहून जास्त नको. नाहीतर गुडघे दुखणारी म्हातारी माणसे रस्त्यावरूनच चालतात. तालुक्याच्या गावी निदान एसटी स्टँड, शाळा आणि आठवडी बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर नगरपरिषदेने हे माप आधी पाळावे. रस्ता रुंदीकरणाचा ठराव आला, की आपल्या नगरसेवकाला जरूर विचारा: यात फुटपाथ किती मीटर?